संकष्टीची ओहोटी: एका पीटी शिक्षकाचं प्रकरण

भरतीची वेळ काढायचं सूत्र त्या मुलांना मीच शिकवलं होतं, आठवीच्या अपूर्णांकांच्या तासाला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मागे गेलं की ओहोटी. पुस्तकातले आंबे आणि पेन्सिली वाटून कंटाळलेली पोरं त्या दिवशी जागी झाली, कारण निम्म्यांच्या घरी होडी आहे आणि आज्याच्या तोंडून ही पाऊणपट त्यांनी ऐकलेली आहे. अपूर्णांकाचा गुणाकार त्या वर्षी कुणाचा चुकला नाही. चुकलं ते भलतंच, आणि त्यात माझा हात होता. म्हणून हे प्रकरण लिहिताना मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमची शाळा राजापूर तालुक्यात, खाडीकाठी. खासगी अनुदानित, पाचवी ते दहावी. शाळेचं, गावाचं आणि ज्यांचं हे प्रकरण त्या पीटीच्या सरांचं नाव देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

सर घाटावरचे. कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेले, बी.पी.एड. झालेले. 2009 साली शिक्षण सेवक म्हणून लागले आणि तीन वर्षं मानधनावर काढली. (माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला 2023 पासून 18,000 मिळतात. तेव्हा आपल्याला किती मिळायचे ते सर अजून सांगत नाहीत.) आले तेव्हा त्यांना पोहता येत नव्हतं. खाडीकाठच्या शाळेत पीटीचे सर आणि पोहता येत नाही, ही गोष्ट आठवड्याभरात गावभर झाली. दुसरा कुणी असता तर लपवत बसला असता. हे नववीच्या तीन पोरांकडे गेले आणि म्हणाले, शिकवा. दोन महिने रोज संध्याकाळी जेटीच्या पायऱ्यांवर सर पाण्यात आणि पोरं काठावर बसून सूचना देतायत, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. पोरांनी त्यांना आधी फक्त तरंगायला लावलं, हात मारायला दिलेच नाहीत. सर नंतर म्हणायचे की शिकवणं म्हणजे काय ते मला बी.पी.एड.च्या वर्गात नाही, त्या पायऱ्यांवर कळलं.

शाळेत मात्र पीटीचा तास म्हणजे इतर विषयांची हक्काची उधारी. परीक्षा जवळ आली की गणितवाले, इंग्रजीवाले तो मागून नेतात आणि परत कुणी करत नाही. मी स्वतः दरवर्षी दहावीचे निदान वीस तास त्यांच्याकडून घेतलेत. उरलेल्या वेळात कवायत, लेझीम, शालेय स्पर्धांची धावपळ, दहावीच्या खेळाडूंचे वाढीव गुणांचे प्रस्ताव आणि 26 जानेवारीचं संचलन. त्यात पटसंख्या उतरती. मुंबईला गेलेली कुटुंबं गणपतीला येतात, पोरं शाळेत घालायला येत नाहीत. दर संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पहिली टांगती तलवार क्रीडा शिक्षकावर. अतिरिक्त ठरलात तर समायोजनात कुठे जाल ते सांगता येत नाही.

2014 च्या मे महिन्याच्या सुट्टीत सर उत्तरकाशीला गेले. नेहरू गिर्यारोहण संस्था, 1965 साली स्थापन झालेली. तिथला 28 दिवसांचा बेसिक कोर्स. ए श्रेणी मिळाली. ती मिळाल्याशिवाय ॲडव्हान्स कोर्सला घेत नाहीत. पुढच्या सुट्ट्यांत ॲडव्हान्स आणि मग शिकवण्याच्या पद्धतीचा कोर्स. परत आले ते दोर, कॅरॅबिनर म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, आणि उत्साह घेऊन. पहिल्या वर्षी त्यांनी तेच केलं जे सगळे करतात. गावाबाहेरच्या बंद चिरेखाणीत वरच्या झाडाला दोर बांधून मुलांना भिंतीवरून उतरवलं. टाळ्या, फोटो, तालुक्याच्या पेपरात चौकोनी बातमी. संध्याकाळी शिक्षक खोलीत येऊन मला म्हणाले, ‘बाई, चाळीस पोरं खाली उतरली. काय मिळालं विचारलं तर चाळीसही जणं म्हणाली, मजा आली.’

मला तेव्हा त्यात तक्रार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं. अनुभवातून शिक्षण या प्रकाराचा खरा भाग दोर सोडल्यानंतर सुरू होतो, हे त्यांनी कोर्समध्ये ऐकलं होतं. डेव्हिड कोल्ब या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1984 मध्ये मांडलेलं चक्र त्यांनी वहीत काढून आणलं होतं: अनुभव, त्याकडे मागे वळून बघणं, त्यातून काहीतरी नियम काढणं, तो पुन्हा वापरून बघणं. उपक्रम संपल्यावर गोल बसवून तीन प्रश्न विचारायचे. काय झालं? त्याचं काय? आता पुढे काय? या बसण्याला धंद्यात डीब्रीफ म्हणतात. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, हे आपल्याकडे 1937 सालीच वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीममध्ये सांगून झालंय. खरं आहे, पण सांगून झालं एवढंच.

सरांना त्या सगळ्यात सगळ्यात आवडली ती कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी बचावहोड्यांमध्ये हाय खाऊन मरत आणि त्याच होडीतले वयस्क खलाशी तग धरत, असं एका जहाज कंपनीच्या मालकाच्या, लॉरेन्स होल्टच्या लक्षात आलं. कमी होतं ते अंगातलं बळ नव्हतं. म्हणून 1941 मध्ये त्याने आणि हानने वेल्समधल्या ॲबरडोव्ही या किनाऱ्यावरच्या गावी आउटवर्ड बाउंड या साहस-शिक्षण संस्थेची पहिली शाळा काढली. ‘बाई, ही सगळी विद्या समुद्रावर जन्मली,’ सर म्हणाले, ‘आणि मी ती शिकायला बर्फात गेलो.’ त्यानंतर दोर कपाटात गेला आणि सर सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, आणि खाडी धुंडाळायला लागले.

आता प्रसंग. 2022 चा डिसेंबर, शनिवार-रविवार. आठवी-नववीची 31 मुलं, सर, मी आणि स्वयंपाकाला शाळेचे शिपाईमामा.

शनिवारी दुपारी देवाचे गोठणेच्या सड्यावर गेलो. तिथे कातळात कोरलेली एक मनुष्याकृती आहे. कोकणातली जी कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत हे ठिकाण आहे. या आकृतीची ख्याती अशी की तिच्याजवळ होकायंत्र भरकटतं. सरांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, मुलांना नव्हतं. त्यांना तीन गटांत होकायंत्रं देऊन सड्यावरून एका ठरावीक दिशेने चालायला सांगितलं होतं आणि वाट बरोबर त्या आकृतीवरून जात होती. सरांनी एकच गोष्ट दरडावून सांगितली होती: कुणी दगड उलटवायचा नाही. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, विंचू असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रूढ करेपर्यंत लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पोरं दगावत, आणि आजही दवाखाना गाठायला लागणारा वेळ काही कमी होत नाही. त्या बाबतीत सर कवायतीतलेच सर होते.

पहिला गट आकृतीपाशी आला आणि थांबला. मग भांडण. होकायंत्र धरणाऱ्याला बाकीच्यांनी वेड्यात काढलं. मग त्याच्या खिशातला मोबाइल काढायला लावला, मग कमरेचा पट्टा. दुसरा गट आला, त्यांचीही सुई तशीच. एका मुलीने होकायंत्र हातात धरून दहा पावलं मागे जाऊन बघितलं, मग दहा पावलं पुढे. मग तिने जमिनीवर खडूने खुणा करायला सुरुवात केली. मी तीनदा तोंड उघडलं आणि सरांनी तीनदा हाताने थांबवलं. अर्धा तास हा माणूस एका दगडावर पाण्याची बाटली घेऊन बसून होता. शेवटी मुलांनी स्वतःच ठरवलं की बिघाड यंत्रात नाही, जागेत आहे, आणि सूर्याकडे बघून पुढची दिशा धरली. संध्याकाळच्या गोलात तो पट्टा काढायला लावलेला मुलगा म्हणाला, ‘सगळे एका बाजूला असले तरी मी बरोबर असू शकतो.’ इतक्या वर्षांत गणिताच्या तासाला मला असं वाक्य मिळालेलं नाही. मला हेवा वाटला, हेही लिहिते.

रविवारी सकाळी खाडी. आमच्या गावासमोर ओहोटीला वाळूचा एक मोठा उंचवटा उघडा पडतो. बायका त्यावर तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या खायच्या शिंपल्या, काढायला जातात. काठ आणि उंचवटा यांच्यामध्ये एक खोलगट चर आहे. ओहोटीला घोटाभर पाण्यातून ती ओलांडता येते. पण भरती लागली की पाणी आधी त्या चरीत शिरतं. उंचवट्यावर बसलेल्या माणसाला समोर कोरडी वाळू दिसत असते आणि पाठीमागे वाट बंद होत असते. खाडीकाठच्या प्रत्येक गावात अशी एखादी जागा असते आणि तिची एखादी जुनी गोष्ट असते.

कधी जायचं आणि कधी परतायचं, हे मुलांनी काढायचं होतं. त्यांनी शाळेच्या कार्यालयातलं कॅलेंडर बघितलं. त्यावर मोठ्या अक्षरात संकष्ट चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे ओहोटी पावणेनऊच्या पुढे. आठला उतरू, नऊपर्यंत पाणी ओसरतच असेल, साडेनऊला परत. फळ्यावर नीट मांडलेलं, पायरीपायरीने. मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. दिलेच, मनात.

संकष्टी चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. त्या दिवशी सूर्योदयाला तृतीयाच होती, चतुर्थी लागणार होती दुपारनंतर. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सबंध पाऊण तासाची चूक, आणि तीही उशिराकडे. त्यात हे सूत्र मुळात ठोकताळा. मुंबईहून दक्षिणेला भरती थोडी आधीच येते आणि खाडीत आत शिरताना पुन्हा रेंगाळते. होडीवाले आजोबा ही बेरीज-वजाबाकी डोक्यात करतात. मी ती शिकवली नव्हती. संकष्टीचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी स्वतः संकष्टी करते.

सरांना आलं होतं. त्यांनी आदल्या रात्री मोबाइलवर भरतीचं कोष्टक पाहिलं होतं. मुलांचा फळा बघून त्यांना फरक लगेच कळला होता. तरीही ते बोलले नाहीत. त्यांचा बेत असा: मुलांना उंचवट्यावर जाऊ द्यायचं, पाणी अंदाजाआधी फिरलेलं त्यांचं त्यांना दिसू द्यायचं आणि मग चूक कुठे झाली ते त्यांनाच शोधू द्यायचं. बेतात जीव होता. सुरक्षेसाठी त्यांनी चरीत एक बांबू रोवून त्याला लाल पट्टी बांधली होती. पाणी पट्टीला लागलं की शिट्टी. शिट्टी झाली की चर्चा नाही, हातातलं टाकायचं आणि निघायचं, हे मुलांकडून तीनदा वदवून घेतलेलं होतं.

आठला उतरलो. ऊन कोवळं, वाळूवर खेकड्यांची नक्षी, पलीकडच्या काठाला तिवरांची मुळं उघडी पडलेली. मुलं तिसऱ्या काढणाऱ्या मावशींच्या भोवती पसरली. त्या गावच्याच, साठीच्या पुढच्या, कमरेला ओटी खोचून बोटांनी वाळू उकरणाऱ्या. वाळूतलं कुठलं भोक तिसरीचं आणि कुठलं किड्याचं, हे त्या दाखवत होत्या आणि मुलं चुकत होती. एक गट पार टोकाला गेला. सर त्यांच्यामागे गेले. जायलाच हवं होतं, तिकडे मुख्य प्रवाह होता. पण तिथून बांबू दिसत नव्हता. मी बांबूपासून बऱ्याच अंतरावर होते आणि खरं सांगायचं तर मीही तिसऱ्या शोधत होते.

‘भरती लागली गो! पोरांनू, उठा!’

ओरडल्या त्या मावशी. मी वळून बघितलं तेव्हा पट्टी दिसत नव्हती. सरांची शिट्टी त्यानंतर झाली.

मुलं निघाली, पळापळ न करता. ते श्रेय सरांचं. जोड्या धरलेल्या, लहान आत, उंच बाहेर. पहिल्या जोडीला पाणी गुडघ्याच्या वर होतं. शेवटच्या जोड्यांना कमरेला लागलं आणि पाण्याला आत खेचणारी ओढ होती. सर चरीच्या मधोमध उभे राहून एकेकाला हाताने पुढे काढत होते, त्यांच्या वरच्या अंगाला मावशी उभ्या. सरांच्या पिशवीत बचावाचा दोर होता. पिशवी काठावर आंब्याखाली. दहा मिनिटांत सगळे बाहेर. गेलं ते एवढंच: एक चष्मा, तीन चपला, एक वही. आठवीतला एक मुलगा थरथरत होता, त्याला शिपाईमामांनी चुलीपाशी नेऊन बसवलं.

ओल्या कपड्यांतच सरांनी गोल बसवला. मला ते तेव्हा निर्दयपणाचं वाटलं. आता वाटतं की तेवढंच त्यांना सुचण्यासारखं होतं. काय झालं, हा पहिला प्रश्न त्यांनी विचारला. कुणी काही बोलेना. मग कालची ती खडूने खुणा करणारी मुलगी म्हणाली, ‘सर, तुम्हाला माहीत होतं ना?’

‘हो.’

‘मग बोलला का नाहीत?’

दुसरा आणि तिसरा प्रश्न त्या दिवशी झाला नाही.

जेटीवरून कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. दुपारपर्यंत ते तालुक्यात फिरलं. कॅमेऱ्यात कमरेएवढं पाणी गळ्याएवढं दिसतं. बुधवारी शाळा समितीची बैठक. एका सदस्यांनी 2016 चं मुरुड काढलं. फेब्रुवारीत पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी तिथल्या समुद्रात बुडाले, ते कोकणात कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर सहलींच्या सरकारी सूचना कडक झाल्या. पाण्याजवळ नेऊच नका, असा त्यांचा एकंदर सूर. आमच्या शाळेची मागची भिंत खाडीला टेकलेली आहे. पण हा युक्तिवाद त्या दिवशी करण्यात अर्थ नव्हता, कारण आमचे कागद खरोखरच कच्चे होते. पालकांच्या संमतिपत्रात ‘परिसर भेट’ एवढंच लिहिलेलं. पाण्याचा उल्लेख नाही. कोणत्या मुलांना पोहता येतं याची यादी नाही. विमा नाही.

मी उठून सांगितलं की सूत्र माझं होतं. त्याने काही फरक पडला नाही.

फरक पडेल असं बोलले ते एका मुलीचे वडील, ट्रॉलरवर खलाशी. ते अजिबात चिडलेले नव्हते. ‘सर, पोरगी पाण्याला भ्यायला शिकली ते बरंच झालं. पण मला सांगितलं असतंत तर मी होडी घेऊन चरीत उभा राहिलो असतो. तुम्ही गावात कुणाला विचारलंतच नाही.’

या प्रकरणावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मुलांना चुकू द्यावं का, हा माझ्या मते यातला प्रश्नच नाही. सड्यावर त्यांना चुकू दिलं आणि ते उत्तमच झालं. पण सड्यावरची चूक तिथल्या तिथे थांबते. होकायंत्र चुकलं तर अर्धा तास जातो. खाडीतली चूक दर मिनिटाला वाढत जाते, चक्रवाढ व्याजासारखी. सर दोन्हीकडे सारखेच गप्प बसले. आदल्या दिवशीच्या यशाने त्यांचा त्या गप्प बसण्यावर विश्वास बसला होता, आणि तो विश्वास त्यांनी दुसऱ्या दिवशी पाण्यात नेला. मर्यादा त्यांनी ठरवली होती, खूणही रोवली होती. खुणेवर डोळा ठेवणारं कुणी नेमलं नव्हतं. तो डोळा मावशींचा निघाला, फुकटचा, न सांगता.

आणखी एक. ज्यांच्याकडून पोहायला शिकले त्यांना पोरं असूनही गुरू मानणारा हा माणूस, तीन प्रमाणपत्रं मिळाल्यावर गावाला विचारायचं विसरला होता. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ‘हो’ म्हटलं, त्या मुलीला म्हटलं होतं तसंच.

समितीने वर्षभरासाठी आवाराबाहेरचे उपक्रम बंद केले. त्याच सुमाराला सह्याद्रीच्या पायथ्याशी शिबिरं घेणाऱ्या एका खासगी कंपनीकडून सरांना बोलावणं आलं. पगाराचा आकडा शाळेपेक्षा कमी नव्हता, पण हंगामापुरता. लोकांना वाटलं पेन्शनसाठी अडतील. पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाहीच, तेव्हा तो दोर आधीच तुटलेला होता. अडवत होतं ते वेगळं: अनुदानित शाळेत राहून दुसरी नोकरी करता येत नाही आणि शाळा सोडली तर परत येता येत नाही. शेवटी बिनपगारी रजा काढून 2023 च्या दिवाळीनंतरचा एक हंगाम, एक पैसाही न घेता, शिकाऊ म्हणून ते तिथे गेले. व्यवहाराने हा वेडेपणा होता. त्यांच्या बायकोचं मत मी इथे लिहीत नाही.

तिथे काय दिसलं, ते त्यांनी फोनवर सांगितलं. एका शिबिरात शहरातली सव्वाशे मुलं, झिपलाइन, बर्मा ब्रिज, रॅपलिंग, प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं. गोल बसायला वेळच नाही, पुढची बस दारात. शिकवणारी मुलं बावीस-चोविशीची, रोजावर, तंबूत राहणारी. मे संपला की पावसात काम तुटतं. तिशीनंतर या धंद्यात फार कमी जण राहतात. गुडघे जातात किंवा लग्न ठरत नाही. हे ऐकून मला वाटलं हे उद्या परत येतील. पण ते पूर्ण हंगाम राहिले, कारण तिथे त्यांना एक वही सापडली.

थोडक्यात टळलेल्या गोष्टींची वही. काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, अशी प्रत्येक घटना त्या कंपनीत त्याच संध्याकाळी लिहून काढत. कुणाची गाठ सैल होती, कुणी हेल्मेट न घालता उभं होतं, कुणाच्या लक्षात आलं. शिक्षा नाही, फक्त नोंद. डीब्रीफ नसलेल्या त्या जागेत मोठ्या माणसांचं डीब्रीफ मात्र रोज चालू होतं. शिवाय प्रत्येक उपक्रमाआधी एक कागद: काय बिघडू शकतं, बिघडलं तर कोण कुठे उभं असेल, जवळचा दवाखाना किती मिनिटांवर. सर म्हणाले, ‘बाई, माझ्याकडे विचार होता आणि यांच्याकडे कागद आहे. दोघांनी एकमेकांकडे बघून हसायचं काही कारण नाही.’

परत आले तेव्हा वारा थोडा बदलला होता. मार्च 2024 मध्ये राज्यातल्या शाळांसाठी आनंददायी शनिवार हा उपक्रम आला. जुलैमध्ये एनसीईआरटीच्या दप्तराविना दहा दिवसांच्या मार्गदर्शक सूचना आल्या, सहावी ते आठवीसाठी. शाळांना एकदम अशी माणसं लागायला लागली ज्यांना वर्गाबाहेर मुलांचं काय करायचं ते कळतं. नाहीतर बऱ्याच ठिकाणी आनंददायी शनिवार म्हणजे रांगोळी आणि संगीतखुर्ची. नव्या मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. सरांनी अटी घातल्या. त्या मी टंकलिखित करून दिल्या, म्हणून मला पाठ आहेत, पण सगळ्या सांगत बसत नाही. महत्त्वाच्या दोन. गावातल्या जाणत्या माणसांना स्थानिक तज्ज्ञ म्हणून बोलवायचं आणि मानधन द्यायचं, हजेरीपटावर नाव घालून. आणि पीटीचे तास इतर विषयांना द्यायचे नाहीत. ही दुसरी अट वाचताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता खाडीत जाण्याआधी सहावीपासून सगळ्यांना जेटीच्या पायऱ्यांवर तरंगायला शिकवतात, वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना. ज्याला तरंगता येत नाही तो काठावर राहतो, पण रिकामा नाही. दोघांना फक्त बांबूवर लक्ष ठेवायचं काम असतं. मुलं त्यांना पाणीराखे म्हणतात आणि त्या कामासाठी भांडतात. ते खलाशी वडील समुद्रावर नसतील तेव्हा होडी घेऊन येतात, असतील तर दुसरं कुणी. मुलं पाऊणपट अजून काढतात. पण उतरण्याआधी सर आपल्याजवळचं कोष्टक मोठ्याने वाचतात आणि मग विचारतात, तुमचा आणि माझा आकडा वेगळा का? भांडण कोरड्यात होतं. सड्यावर मात्र अजूनही ते दगडावर बाटली घेऊन बसतात आणि कुणी मेलं तरी बोलत नाहीत.

मी अपूर्णांकांच्या तासाला आता कॅलेंडर घेऊन जाते. तिथीखालची बारीक अक्षरं वाचायला लावते. संकष्टीचा दिवस मुद्दाम उदाहरणाला देते आणि वर्ग चुकला की मला बरं वाटतं.

मावशींना पहिल्या दिवशी मानधनाच्या पावतीवर सही करायची होती. पदनाम काय लिहू, कारकुनाने विचारलं. सर म्हणाले, निदेशक. मावशींनी अंगठा दिला आणि पैसे ओटीत टाकत म्हणाल्या, ‘ओरडायचे पैसे देतात होय?’

शाळेतही आता ती टळलेल्या गोष्टींची वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, क्रीडा साहित्याच्या कपाटात, कुणालाही उघडून बघता येते. पहिली नोंद सरांच्या अक्षरात आहे, वही सुरू होण्याच्या दीड वर्ष आधीची तारीख घालून. ठिकाण: चर. मुलं: 31. कोणाच्या लक्षात आलं, या रकान्यात लिहिलंय: मावशी. मार्गदर्शकाने काय केलं, या रकान्यात एकच शब्द आहे: उशीर.